शून्याचे तीन कागद

साडेबाराचा भोंगा झाला तशी विजयमालाने चार महिन्यांच्या राजनंदिनीला उचलून आतल्या खोलीत नेलं. रोज न्यायची तसंच. कारखाना उसापलीकडे, बारामती-इंदापूर रस्त्याला. अणुवीज केंद्रासाठी तिथे दुमजली उंचीचं पोलादी भांडं घडत होतं. "कोळसा न जाळता वीज येनार, मग ही बत्ती जानं बंद," तिचा नवरा मानसिंग कंदील लावताना म्हणायचा. जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी करून, लाल झेंड्यांची दोरी ओढून तो भांड्याच्या जोडांचे फोटो काढी. एका जड डबीतून निघालेले किरण पोलादाच्या आरपार जात. ना उजेड, ना आवाज. तेवढा वेळ सगळी यंत्रं थांबत, आणि विजयमालाला वाटे, काहीतरी भिंतीतून आत येतंय, आपल्याला ओलांडून पाळण्याकडे जातंय.

"कोंडून घेती व्हय लेकराला?" बाळंतपणाला वरकुट्याहून आलेल्या सासूबाई, कुशाबाई, अजून इथेच होत्या. "न दिसनाऱ्याला भिंत आडवी येतीय का?"

विजयमाला भौतिकशास्त्र शिकलेली. इतक्या लांब काही पोचत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण ठाऊक असून जीव थाऱ्यावर राहत नसे. आधार होता तो महिन्याच्या कागदाचा. मानसिंगने छातीवर लावायच्या बिल्ल्यातली फिल्म मुंबईहून तपासून यायची. अंगाला किती किरण लागले त्याचा आकडा. राजनंदिनी झाल्यापासून आलेल्या तिन्ही कागदांवर शून्य होतं. त्यालाच शून्य, तर घरात काय येणार?

राजनंदिनीने उशी ओली केली म्हणून तिने खोळ उलटी केली. आत कुशाबाईंनी नजरेसाठी ठेवलेला अडकित्ता होता. आणि त्याला खेटून मानसिंगचा बिल्ला, मुलीच्या डोक्याने कोमट झालेला.

"आत्याबाई, हा इथं कसा?"

"त्यानंच दिला की, पाचवीच्या दिशी. म्हनला, उशाला ऱ्हाऊ दे, ह्यो राखन करतोय. महिन्याला नेतोय, आतलं बदलून आनतोय. माझ्या अडकित्त्यापरीस शिकलेला हाय म्हन की!"

त्या हसल्या. उसापलीकडे अजून शांतच होतं. म्हणजे तो आत्ता तिथे होता, मोकळ्या छातीने.

तिन्ही शून्यं राजनंदिनीची होती. त्याचा आकडा कुठेच लिहिलेला नव्हता.

संध्याकाळी मानसिंग दारात आला तेव्हा तिने बिल्लाच पुढे धरला. "अहो, काय केलंत हे?"

"तूच इचारायचीस न्हवं, घरात काय येतं का, पोरीला लागतं का? माझं सांगनं तुला पटत न्हवतं." त्याने चपला काढल्या. "कागद आला की तुला झोप लागायची."

"दुसरा मागायचा!"

"बाळाच्या नावानं? शेडभर हसली असती."

"आणि तुमचं काय?"

"मला काय हुतंय?" मग हळूच म्हणाला, "गेल्या महिन्यात एकडाव डबी मिटंना झालती. मी जवळच हुतो."

"किती वेळ?"

"मोजलं न्हाय."

तो मोरीत गेला. कोपरापर्यंत साबण लावून बराच वेळ हात धूत राहिला. बाहेर आल्यावर राजनंदिनी त्याच्याकडे झेपावली, तसे त्याने हात पाठीमागे नेले.

"घ्या," विजयमाला म्हणाली. "त्या किरणांनी माणसाच्या अंगातून काही बाहेर येत नसतं. मी शिकलेय."

"नक्की?"

"नक्की."

त्याने ओले हात पुढे केले. पोर त्याच्या छातीला टेकली. पण विजयमालाची बोटं तिच्या काखेतून सुटेनात. दोघं तशीच उभी राहिली, एकच पोर चार हातांत धरून.