हेस्टरच्या स्वयंपाकघरातली वाट

हेस्टर फनेलच्या घरापुढं बाग होती, बागेपुढं कुंपण, कुंपणापुढं पायवाट आणि पायवाटेपुढं समुद्र. समुद्र अर्थातच खूप खाली होता, मध्ये खडूचा पांढराशुभ्र कडा होता. हा कडा दरसाल थोडाथोडा ढासळतो हे ससेक्सच्या त्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं आणि म्हणूनच कुणी मनावर घेत नव्हतं. मग एका जानेवारीत, हेस्टर अंडं उकडत असताना, बाहेर कुणीतरी जड कपाट ओढल्यासारखा आवाज झाला. अंडं होईपर्यंत ती जागची हलली नाही. ते झाल्यावर तिनं पडदा सारला, तर पायवाट नव्हती, कुंपण नव्हतं आणि बागेतले जेमतेम चार कोबी उरले होते.

लगोलग कौन्सिलचा माणूस आला. कोवळा होता, शहरी बुटांत होता आणि कड्याकडे पाठ करून बोलत होता. घर पुढच्या हिवाळ्याच्या आत रिकामं करायचं, म्हणाला, कारण ते आपणहून खाली जाण्याआधी कौन्सिल पाडणार. पायवाटही इथून बंद, ती मागच्या मोटाररस्त्यानं वळवणार.

हेस्टरला एक भाची होती, ब्रेंडा, स्विंडनला राहायची. मावशीसाठी तिनं एक खोली कधीची तयार ठेवली होती. ब्रेंडा स्वभावानं चांगली होती, त्यामुळे तिला नाही म्हणायलाही जीव धजत नसे. पण तिच्याकडे भिंतीपासून भिंतीपर्यंत फिकट गालिचा होता, बूट जिन्यातच काढावे लागत आणि खिडकीतून मोटारी उभ्या करायची जागा दिसे. कुठल्याही बाजूला कितीही चाललं तरी समुद्र लागत नसे. तिथं जायचं नव्हतं हेस्टरला. जन्म इथं गेला, उरलेलाही इथंच जावा एवढंच तिचं मागणं होतं.

कौन्सिलचा माणूस निघणार एवढ्यात क्लेमंट होड आला. क्लेमंट म्हणजे गावच्या पायवाट मंडळाचा अध्यक्ष, खजिनदार आणि बहुतेक ठरावांचा एकमेव सूचक. हेस्टरच्या घराच्या बरोबर मागे, गल्लीपलीकडे, गारगोट्यांच्या भिंतींच्या घरात तो एकटा राही. शाळेत तो आणि हेस्टर एका बाकावर बसत. पण हेस्टरच्या नवऱ्यानं, अर्नेस्टनं, एका उन्हाळ्यात पायवाटेच्या फाटकाला कुलूप घातलं होतं आणि क्लेमंटनं भर दुपारी करवत आणून फाटकच कापलं होतं. त्या दिवसापासून क्लेमंटनं त्या घराचा उंबरा ओलांडला नाही आणि त्याच्या तोंडी हेस्टरची मिसेस फनेल झाली. अर्नेस्ट जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

"वाट बंद करता येणार नाही," क्लेमंट म्हणाला.

"पण ती खाली पडलीय, मिस्टर होड," तो कोवळा माणूस म्हणाला.

"वाट पडत नाही. जमीन पडते. वाट मागे सरकते."

मग त्यानं हातातल्या काठीनं नव्या कडेपासून अंतर मोजत आणलं. कोबी ओलांडले, पाण्याचं पिंप ओलांडलं आणि हेस्टरच्या स्वयंपाकघराच्या दारावर काठी टेकवली.

"इथून."

"अहो, हे घर आहे," कौन्सिलचा माणूस म्हणाला.

"असेल. वाट त्याच्या आधीची आहे. इथून आत, बैठकीच्या खोलीच्या खिडकीतून बाहेर. आणि एक ध्यानात ठेवा. वाटेवरचं घर पाडून तुम्ही दगडविटांचा ढीग केलात, तर तो अडथळा होतो. मंडळ अडथळे खपवून घेत नाही."

तो माणूस वर विचारून सांगतो म्हणाला. तो विचारायला गेला तो गेलाच.

"माझ्या घरातून लोक नेणार तुम्ही?" हेस्टरनं विचारलं.

"माझी इच्छा नाही, मिसेस फनेल. वाटेची आहे."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर स्विंडन," क्लेमंट म्हणाला.

हेस्टरनं दार सताड उघडलं.

पुढच्या रविवारी मंडळ आलं. सगळे निवृत्त, सगळ्यांच्या डोक्यावर लोकरी टोप्या, सगळ्यांच्या बुटांना खडूचा पांढरा चिखल. त्यांनी पायपुसण्यावर बूट इतक्या मनापासून पुसले की पायपुसणं फाटलं. प्रत्येकजण आत येताना "मॉर्निंग" म्हणाला, प्रत्येकानं हवेबद्दल एक वाक्य टाकलं आणि कुणीही भिंतीवरच्या फोटोंकडे पाहिलं नाही, कारण पायवाटेवरून जाताना दुसऱ्याच्या घरात डोकावणं असभ्यपणाचं असतं. क्लेमंटनं फ्रिजवर पिवळा बाण लावला. खिडकीला आतून आणि बाहेरून लाकडी पायऱ्या ठोकल्या, मेंढ्यांच्या कुंपणाला असतात तशा. मंडळातल्या मिस पेलिंग खिडकीच्या चौकटीत अडकल्या तेव्हा त्यांना आतून दोघांनी ढकललं, बाहेरून तिघांनी ओढलं आणि त्या सबंध वेळ कड्यावरच्या गोर्सच्या काटेरी झुडपांना येणाऱ्या पिवळ्या फुलांबद्दल बोलत राहिल्या.

शेवटचा क्लेमंट. गावाकडचा नियम असा की फाटकातून जो शेवटी जातो त्यानं ते लावून घ्यायचं. हेस्टरनं चहा केला होता, चहाबरोबर खायचे छोटे गोडसर पाव, स्कोन, भाजले होते. अर्नेस्टची खुर्ची, घरातली एकुलती एक बरी खुर्ची, तिनं पुसून खिडकीजवळ ठेवली होती.

"बसा जरा," ती म्हणाली.

"वाटेवर चालायचा हक्क असतो, मिसेस फनेल. बसायचा नसतो." खुर्चीला वळसा घालून तो खिडकीबाहेर गेला आणि खिडकी लावून घेतली.

हेस्टरला राग आला. राग ओसरल्यावर वाईट वाटलं, आणि ते काही ओसरलं नाही.

पण माणूस कशालाही सरावतो. वसंतात चंडोल गाऊ लागले, टेकड्यांवर कोकरं दिसू लागली, आणि हेस्टरच्या स्वयंपाकघरात रोजच वर्दळ सुरू झाली. नकाशा हातात धरलेली जोडपी फ्रिजसमोर थबकत आणि बाण बघून हायसं वाटून पुढं जात. एकदा एका स्पॅनियलनं तव्यावरचं सॉसेज पळवलं; मालकानं कुत्र्याला रागवायचं सोडून हेस्टरचीच इतकी माफी मागितली की शेवटी तिनंच त्याची समजूत घातली. एका बाईनं सिंकपाशी भांडी घासणाऱ्या हेस्टरला विचारलं, "तुम्हीपण पूर्वेकडेच निघालात का?" बसायचा हक्क नसला तरी चालता चालता खायला हरकत नाही, असा मंडळानं ठराव केला. तेव्हापासून दर रविवारी हेस्टर खिडकीपाशी ताट धरून उभी राही आणि येईल तो स्कोन उचलून समुद्राच्या वाऱ्यात उतरून जाई. कित्येक वर्षांत तिच्या घरात इतकी माणसं आली नव्हती. ती खूश होती, आणि ते ती स्वतःशी कबूलही करायची.

फक्त क्लेमंट स्कोन घेत नसे. तिनं दर रविवारी खुर्ची पुढं करायची, त्यानं दर रविवारी हक्काचं सांगायचं. पण खिडकीतून उतरण्याआधी तो छताची भेग काठीनं चाचपून बघे, चिमणीकडे बघे आणि मान हलवे. वाटेची काळजी, दुसरं काय, असं हेस्टरला वाटे.

ऑक्टोबरात वादळ आलं. सकाळी हेस्टर किटली ठेवत होती तेव्हा पुन्हा ते कपाट ओढल्याचा आवाज झाला, या खेपेला बराच जवळून. तिनं बैठकीच्या खोलीचं दार उघडलं. बैठकीची खोली नव्हती. तिथं आभाळ होतं, आणि एक सीगल तिच्याच उंचीवरून तिच्याकडे बघत होता. तिनं दार हळूच लावून घेतलं.

पहिला धावत आला तो क्लेमंट, पायात सपाता.

"अर्नेस्टची खुर्ची?" त्यानं विचारलं.

"गेली."

क्लेमंटनं टोपी काढली. थोडा वेळ तो समुद्राकडे बघत उभा राहिला. मग टोपी घातली, काठी उचलली आणि अंतर मोजायला लागला. स्वयंपाकघर ओलांडलं, गल्ली ओलांडली आणि तो स्वतःच्या घराच्या दाराशी जाऊन थांबला. दुपारी त्यानं स्वतःच्या हातानं तिथं पिवळा बाण ठोकला.

आता कौन्सिलला वर विचारायची गरज उरली नाही. मिस पेलिंगनी हेस्टरला आपल्या माजघरात झोपायला जागा दिली, आणि सोमवारी ब्रेंडा गाडी घेऊन येणार असं ठरलं. बॅगा भरून झाल्या. रविवारी हेस्टरनं बूट चढवले. सगळा जन्म वाटेच्या काठावर काढला होता आणि मंडळाबरोबर ती एकदाही चालली नव्हती. पाऊस होता, खडू भिजवलेल्या पिठासारखा झाला होता आणि तिला सारखं रडू येत होतं, पण पावसात ते कुणाला दिसलं नाही.

क्लेमंटच्या दाराशी सगळ्यांनी बूट पुसले. "मॉर्निंग, मिस्टर होड," म्हणून एकेकजण आत शिरला आणि मागच्या दारानं बाहेर पडला. हेस्टर सर्वांत शेवटी होती. दार लावून घ्यायला ती वळली, तर क्लेमंट किटली हातात घेऊन उभा.

"बस," तो म्हणाला.

"वाटेवर बसायचा हक्क नसतो."

"असतो." क्लेमंट किटलीकडे बघत होता. "दमलेल्या माणसाला बसता येतं. श्वास जागेवर येईपर्यंत, बूट वाळेपर्यंत. पहिल्यापासून येतं."

"मग माझ्याकडे का नाही बसलास रे, मेल्या? दर रविवारी हात जोडायचेच बाकी ठेवले होते मी."

"तुझ्याकडे खुर्ची अर्नेस्टची होती."

हेस्टरनं खोलीत नजर फिरवली. एकट्या माणसाचं घर ते. एक कप, एक खुंटी, एक उशी. पण चुलीशी खुर्च्या दोन होत्या. एक झिजून काळी पडलेली, दुसरी कोरी, अजून कुणीही न बसलेली.

"ही कधी आणलीस?"

"जानेवारीत," क्लेमंट म्हणाला आणि किटली ठेवायला पाठमोरा झाला.

हेस्टर कोऱ्या खुर्चीत बसली. तिनं बूट काढले आणि चुलीजवळ ठेवले, पण फार जवळ नाही.

ब्रेंडा सोमवारी आली, चहा घेऊन रिकाम्या गाडीनं परत गेली. आता एप्रिल लागलाय, चंडोल पुन्हा गाताहेत. दर रविवारी मंडळ क्लेमंटच्या घरातून जातं आणि हेस्टर मागच्या दाराशी स्कोनचं ताट धरून उभी असते. क्लेमंट पहिला स्कोन उचलतो. संध्याकाळी ब्रेंडाचा फोन येतो, मावशी, कधी येतेस म्हणून. हेस्टर चुलीपाशी जाते, वाकून बुटांना हात लावून बघते आणि सांगते, "अजून ओले आहेत गं."