पाणकणसाची हद्द

जायकवाडीच्या कालव्यावर मी बत्तीस वर्षं पाणी अडवणारं पाणकणीस कापलं, आणि माझ्या पोरीनं त्याच पाणकणसावर डॉक्टरेट केली. पैठणला आमच्या गल्लीत लोक विचारतात, "पोरगी कशाची डॉक्टर?" मी छाती काढून सांगतो, "गवताची." लोक हसतात. हसू द्या. त्यांच्या पोरांनी आधी गवताची तरी डॉक्टरकी करून दाखवावी.

ही माझी विशाखा शहरात, गारखेड्यात राहते, कॉलेजात शिकवते. सोसायटीच्या बागेत तिनं सगळ्यांच्या मागं लागून एक तळं करून घेतलंय, दोन खोल्यांएवढं. इमारतीतलं आंघोळीचं पाणी त्यात येतं, पाणकणसाच्या मुळांतून गाळलं जातं आणि पलीकडं झाडांना मिळतं. बेणं तिनं आमच्या पैठणच्या बाजूनंच नेलं होतं. मी तेव्हाच म्हणालो होतो, "बाई, ह्याला बोट दिलं की हात धरतं." पण शिकलेल्या माणसाला सांगून उपयोग नसतो.

मेच्या शेवटी ती चार दिवस पुण्याला प्रशिक्षणाला गेली आणि घर सांभाळायला मला बोलावलं. सकाळी बागेत गेलो, तर तळं दिसेचना. ह्या काठापासून त्या काठापर्यंत पुरुषभर उंच पाणकणीस. शेजारी सोसायटीचे अध्यक्ष आप्पासाहेब उभे होते. माणूस सभ्य, पण वैतागलेला.

"रामकिसनराव, मॅडमना मी दोनदा सांगितलं, अर्ध्या तळ्यात ठेवा. हे तर सगळीकडे पसरलं. आता पंधरा दिवसांनी बैठक आहे. लोक म्हणतात, तळं बुजवा आणि गाड्या लावायला जागा करा."

"एवढंच ना?" मी म्हणालो. "अर्धं आजच काढतो."

विळा माझ्या पिशवीत असतोच. धोतर खोचलं आणि उतरलो. खरं सांगतो, मनात अर्धंच होतं. पण हाताला थांबायची सवयच नव्हती. कालव्यावर अर्धं काम ठेवलं की मुकादम आईमाई काढायचा. मी आपला पाण्याखाली, चिखलापासून चार बोटं वर, घाव घालत गेलो, आणि मान वर केली तेव्हा समोर पलीकडचा काठ. तळं आरशासारखं. मला इतका आनंद झाला की फोटो काढून लेकीला पाठवला.

तिनं तो रात्री जेवणानंतर बघितला. लगेच फोन आला.

"अण्णा, पाण्याखाली कापलं?"

"व्हय. बुडापाशी. आता परत यायचं नाय."

"सगळं?"

"सगळं," मी म्हणालो.

"अण्णा, ते जगवायचं होतं. त्याचा दांडा म्हणजे त्याचं नाक. वरून हवा घेतो आणि खाली मुळाला देतो. नाक पाण्यात बुडालं की मूळ गुदमरतं. हे पाणकणीस मेलं तर तळ्यात नुसतं सांडपाणी राहील. मग आप्पासाहेब बुजवणारच, आणि त्यांचं काही चुकणार नाही."

पाण्याखाली कापलं की मरतं, हे मला बत्तीस वर्षं ठाऊक होतं. का मरतं, ते त्या फोनवर कळलं. आणि कारण कळलं, तसं पुढचंही सुचलं.

"मग नाक वर काढू," मी म्हणालो. "पोरी, तळ्याचा तळ उताराचा हाय. पूर्वेला वीतभर पाणी, पश्चिमेला मांडीएवढं. सगळ्या तळ्याचं वीतभर पाणी उपसलं, तर पूर्वेचे बुंधे उघडे पडतील. पश्चिमेचे बुडालेलेच राहतील. अर्धं जगंल, अर्धं मरंल."

पलीकडं ती एकदम हसली. "अण्णा, हे मला सुचायला हवं होतं."

उजाडल्यापासून मी बादलीनं पाणी उपसलं. येणारं पाणी परस्पर झाडांना सोडलं. आप्पासाहेब चहा घेऊन आले आणि म्हणाले, "अहो, आयतं साफ झालंय, आता बुजवूनच टाकू की." मी चहा संपवला आणि परत बादली उचलली. संध्याकाळपर्यंत पूर्वेचे बुंधे बोटभर वर आले होते.

दुसऱ्या दिवशी विशाखा आली. रागावली नाही, नुसती काठावर बसून राहिली. ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. मी पैठणला जायचं नाव काढलं नाही. तीन दिवस एकही कोंब फुटला नाही. चौथ्या दिवशी पहाटे एका बुंध्यातून हिरवं टोक निघालेलं दिसलं, आणि मी चप्पल न घालता तिसऱ्या मजल्यावर तिला सांगायला पळत गेलो. माझं वय सदुसष्ट आहे.

बैठकीच्या दिवशी पूर्वेला गुडघाभर हिरवं पाणकणीस होतं आणि पश्चिमेला मोकळं पाणी. तिथली सडलेली मुळं आम्ही बापलेकींनी उपटून टाकली होती. मंडळी काठावर जमली. आप्पासाहेब काठानं एक चक्कर मारून आले.

"छान आहे, मान्य. पण चारसहा कोंब आत्ताच हद्द ओलांडून इकडे आलेत. दर महिन्याला कोण कापणार? रामकिसनराव तर गावी जाणार. कापणारा माणूस दाखवा, तळं ठेवतो."

मी म्हणणारच होतो, मी येत जाईन, एसटी आहेच. तेवढ्यात विशाखानं माझ्या हातातून विळा घेतला, सलवार वर खोचली आणि पाण्यात उतरली.

मला ते बघवेना. ह्या हातात विळा येऊ नये म्हणूनच मी तिला शिकवलं होतं. तिचा पहिला घाव वरच बसला, दांडा नुसता वाकला. कोणीतरी हसलं. मग मला राहवलं नाही. मीही उतरलो आणि तिचं मनगट धरलं.

"अजून खाली. पाण्यात, चिखलाच्या चार बोटं वर. आता ओढ."

दांडा साफ तुटला. पुढचा तिनं एकटीनं कापला, त्याच्या पुढचाही.

"वा मॅडम," आप्पासाहेब म्हणाले, "कापणारा माणूस दिसला. राहू द्या तळं. हे पुण्याच्या प्रशिक्षणात शिकवलं का?"

"नाही," पाण्यातून मान वर न करता विशाखा म्हणाली, "हे आमच्या घरचं काम आहे."

बत्तीस वर्षांत त्या कामाला घरचं कुणी म्हटलं नव्हतं. मीसुद्धा नाही.