दुधाचा दोष

“लहानपणी घरात कुणाला असं इसब होतं का?” बहिरूच्या कोपराच्या खळीतले जुने चट्टे पाहत डॉक्टरांनी विचारलं. पोराच्या छातीतली शीळ त्यांनी नळी लावून आधीच ऐकली होती.

सारजाबाईने सवयीने मान खाली घातली. गेली सात वर्षं घोटावड्यात हा प्रश्न सगळ्यांनी तिलाच विचारला होता, आणि तिचं उत्तर ऐकायला मात्र कुणी थांबलं नव्हतं.

“मला व्हतं की,” तिचा नवरा हैबतराव म्हणाला. “कोपरात आन् गुडघ्यामागं. धा-अकरा वरसांचा हुईस्तवर. खाजवून रगत यायचं.”

शेताचा सर्व्हे नंबर सांगावा तितक्या सहज त्याने ते सांगितलं. बापाला दमा होता, हेही सांगून टाकलं.

“मग बरोबर,” डॉक्टर म्हणाले. “इसब, दमा, सारखी सर्दी-शिंका, ही एकाच घरातली भावंडं. अंगावरचं कमी झालं की पुष्कळ पोरांना छातीचं सुरू होतं. भाताची झोडणी चालू असेल तेव्हा याला खळ्यापासून लांब ठेवा.”

सारजाबाईने पहिल्यांदाच तोंड उघडलं. “आईच्या दुधानं व्हतं का ह्ये, डाक्टर?”

“दुधाने? छे. कुणी सांगितलं तुम्हाला?”

तिने कंपाउंडरकडून औषधाची बाटली भरून घेतली आणि ती बैलगाडीत जाऊन बसली.

बहिरू दोन महिन्यांचा असताना त्याचे गाल लाल होऊन पाझरू लागले, तेव्हा सासूने, रत्नाबाईने, सुनेचं दूध तपासायला घेतलं. वाटीत दूध पिळायला लावलं आणि त्यात मुंगी सोडली. मुंगी जगली तर दूध चांगलं, मेली तर नासकं, ही आळीतल्या बायकांची परीक्षा. आता दुधात टाकलेली मुंगी बिचारी दुसरं काय करणार? बुडून मेली. चार शहाण्या बायकांनी वाकून पाहिलं आणि निकाल लागला. बहिरू आजीच्या कुशीत गेला, बोंडल्याने शेळीचं दूध पिऊ लागला. सारजाबाईच्या छातीला घट्ट फडकं आवळलं. पलीकडे पोर रडलं की इकडे ते फडकं ओलं व्हायचं. चार दिवस ती तापाने फणफणली होती.

त्याच तापात तिने नवऱ्याचे पाय धरले होते. “आठवून सांगा, तुमच्यात कुणाला व्हतं का. माज्या म्हायेरी, चांद्यात, कुणाला न्हाई.”

“न्हाई बा,” असं म्हणून हैबतराव बैलांना पाणी दाखवायला निघून गेला होता.

पुढे बहिरू आजीलाच आई म्हणू लागला. आईला तो वैनी म्हणायचा, चुलता म्हणायचा तसं. सारजाबाईला ते दर वेळी लागायचं, पण आपल्याच दुधाने पोर नासलं या समजुतीने ती गप्प राहायची.

पौडचा दवाखाना मागे पडला, गाडी घोटावड्याच्या वाटेला लागली. दोघांच्या मध्ये बहिरू धापा टाकत, डोळे मिटून बसला होता.

“त्या येळंला का न्हाई बोल्ला?” तिने विचारलं.

“कवा?”

“तुमाला म्हाईत हाय कवा.”

हैबतरावाने कासरा या हातातून त्या हातात घेतला. “आईनं सांगितलं व्हतं, बोलू नगं म्हून. आन् आता झालं त्ये झालं. औशिद मिळालं न्हवं?”

सासूचं तिला फारसं नवल वाटलं नाही. पण हा माणूस रात्रंदिवस शेजारी वावरत होता. पोरासाठी तिने धरलेले उपास बघत होता, तिने केलेल्या भाकरी खात होता, आणि त्याला सगळं ठाऊक होतं. तिला त्याची किळस आली. गाडीतून उतरावं आणि चांद्याची वाट धरावी असं मनात आलं, पण बहिरूची मान तिच्या दंडावर कलली होती. असा तो कधी टेकत नसे. घर येईपर्यंत ती हलली नाही.

रत्नाबाई ओट्यावर वाटच बघत होती. “काय म्हनला डाक्टर?”

“माजं दूध चांगलं व्हतं म्हनला, आत्याबाई. आन् इसब ह्यास्नी व्हतं. तुमाला म्हाईत व्हतं.”

“न असाया काय झालं? म्याच त्येच्या अंगाला करंजाचं त्याल चोळलंय.” म्हातारीचा आवाज जराही हलला नाही. “मंग काय करायचं व्हतं? दोन वरसांमागं घरात आल्याली सून, आन् माजा ल्योक. कुनाचं नाव घ्यायचं?”

यावर हैबतराव काहीतरी बोलेल म्हणून सारजाबाई क्षणभर थांबली. तो बैल सोडत होता.

बहिरूला ढास लागली. तिने बाटली हलवली, तिच्यावर चिकटवलेल्या कागदाच्या पट्टीवरच्या पहिल्या खुणेइतकं औषध फुलपात्रात ओतलं आणि त्याच्या तोंडाशी नेलं. त्याने तोंड फिरवलं.

“तू नगं, वैनी. आईच्या हातनं.”

आई कोण ते आज त्याला सांगावं, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सांगावं, असं तिच्या ओठांवर आलं. पण पोराची छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि औषध पोटात जायला हवं होतं.

तिने फुलपात्र सासूच्या हातात दिलं.

“समदं पाजा, थेंब ठिवू नगा,” ती म्हणाली, आणि शेवटचा घोट त्याच्या गळ्याखाली उतरेपर्यंत तिथेच उभी राहिली.