हेंद्रेपाड्याचा चावीवाला

महानगर आयोग आला आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तिन्ही गावांचं पाणी एका पडद्यावर आलं. पडदा मुंबईत होता. नळ इथेच राहिले.

आयोगाने सगळ्यात आधी मनुष्यबळाचं समान वाटप केलं. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात बावीस वर्षं पाणी सोडणारा सदू उल्हासनगर कॅम्प चारला गेला, तिथला प्रीतम हेंद्रेपाड्यात आला. दोघांचा हुद्दा एक, पगार एक, हातातली लांब लोखंडी चावीही एक. जमिनीखाली पाण्याचा कुठला वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, कुठे आहे हे आदेशात नव्हतं. ते सदूच्या डोक्यात होतं, आणि डोक्याची बदली झाली होती.

पाचव्या दिवशीही अनंताच्या आळीत पाणी आलं नाही. शुक्रवारी त्याच्या मुलीची, उन्नतीची हळद. आगऱ्याची हळद, म्हणजे सातशे माणूस जेवायला. अनंताने टँकरसाठी आयोगाला फोन लावला.

"सर, तुमच्या भागात पाणीपुरवठा सुरळीत दिसतोय," तेजस्वी नावाची मुलगी म्हणाली. "सुरळीत असेल तर टँकर मंजूर होत नाही."

"दिसतंय ना तुला? मंग पोरीला तिथंच आनतो हळद लावायला."

"आणखी काही मदत करू शकते का, सर?"

इकडे प्रीतम वॉल शोधत दोन दिवस सळई ठोकत फिरत होता. शेवटी त्याने सदूला फोन केला.

"सदूभाऊ, वॉल किधर है?"

"दौलतरावांच्या टपरीपासून सात पावलं."

"टपरी नहीं है."

"मग चिंचेपासून मोज."

"चिंच भी गई. रोड चौडा हुआ ना."

सदू म्हणाला, "शुक्रवारी सुट्टी आहे. येतो."

शुक्रवारी सकाळी तो नव्या काँक्रीटवर डोळे मिटून दोनदा पुढे, एकदा मागे चालला आणि थांबला. "हितं फोड."

"आयोग का रोड है, भाऊ," प्रीतम म्हणाला.

"वॉल पन आयोगाचाच हाय," म्हणत अनंतानेच घण उचलला.

तासाभराने वॉलचं झाकण सापडलं. सदूने चावी फिरवली आणि आळीतले नळ आधी खोकले, मग वाहू लागले. अनंताच्या बायकोने, चिमीने, आधी आचाऱ्याची पिंपं लावली. तोवर बायकांनी उन्नतीला पाटावर बसवून डोक्यापासून पायापर्यंत हळदीने माखलं होतं. आंघोळीची घंगाळी पुढे सरकवली आणि पाणी गेलं.

सदू धावत वॉलवर गेला. वॉल उघडाच होता. अनंताने पुन्हा फोन लावला.

"हो सर," तेजस्वी म्हणाली, "तुमच्या भागात आज अचानक पाणी वाहताना दिसलं. पाच दिवस असं नव्हतं. सिस्टिमने गळती समजून मेन लाइन बंद केलीय."

"अगं, ती गळती नाय, पानी हाय! मेन सोड."

"पथक पाहणी करून सोडेल, सर. बहात्तर तासांत."

"लगीन उद्या हाय!"

"कारणांच्या यादीत लग्न नाहीये, सर. 'इतर' लिहू?"

अनंताने सदूकडे पाहिलं. सदूने हातातल्या चावीकडे पाहिलं. मुंबईतल्या पडद्यापर्यंत ती पोचत नव्हती.

"आचाऱ्याकडून एक पिंप आन," चिमी म्हणाली. "वरन उद्या करू."

"सगळ्या पान्याचं वरन झालं," आचारी आतून ओरडला.

पाटावरून उन्नती हळूच म्हणाली, "आये, हळद सुकतेय गो."