मनगटावरची टिचकी

मनगटावर टिचकी बसली तशी सूनबाई थांबली. म्हणजे पुन्हा चुकलं. तिने तोच शब्द जरा लांबवून वाचला. सासूबाईंनी डोळे मिटूनच मान हलवली. मग आखडून वाचला, तेव्हा कुठे बोट शांत राहिलं. मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये तिने एक नवा नियम घातला आणि पुढे वाचायला लागली. वाचत होती त्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

सासूबाई लग्न होऊन समुद्रापलीकडून आलेल्या. इथली भाषा त्या इतक्या सफाईने बोलत, की भाजीवालीशी भांडणात कधी हार गेल्या नाहीत. पण अर्धांगाच्या झटक्यातून उठल्या तेव्हा नजर अंधूक झाली होती, इथली भाषा पार पुसली गेली होती आणि लहानपणची तेवढी उरली होती. घरात ती कोणालाच येत नव्हती. मुलाला आईच्या भाषेतल्या चार शिव्या पाठ होत्या, पण त्यांवर संभाषण किती चालणार? त्याने मोबाइलकडून भाषांतर करवून पाहिलं. त्यातल्या परक्या बाईचा आवाज ऐकून आईने पांघरूण डोक्यावर ओढलं. मग त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या, आणि चमचा पुढे केला तरी ओठ उघडेनात. सूनबाईचे आणि त्यांचे रोज खटके उडायचे. आता तिला ते खटकेसुद्धा हवेसे वाटत होते.

सूनबाई पार्सलच्या कचेरीत होती. परदेशी लिपीतले पत्ते आपल्या लिपीत आणायचं तिचं काम. त्यासाठी संगणकावर एक साधन होतं. अमुक चिन्ह दिसलं की तमुक अक्षर ठेव, असे नियम आपण लिहून द्यायचे, बाकीचं ते निमूटपणे करायचं. ती त्याला चाळणी म्हणायची. इकडून परकी अक्षरं ओतली की तिकडून आपली पडत. अर्थ काही पडत नसे. एका संध्याकाळी तिने सासूबाईंच्या किनाऱ्यावरच्या वर्तमानपत्राचं एक पान त्या चाळणीत ओतलं आणि भिंतीकडे वळलेल्या पाठीला वाचून दाखवायला लागली.

पाठ हळूहळू वळली. सासूबाई आधी हसल्या. इतकं भयाण वाचन त्यांनी जन्मात ऐकलं नसावं. मग त्यांनी चाचपत सुनेचं मनगट शोधलं आणि पहिली टिचकी मारली. त्या दिवशी त्या वाटीभर जेवल्या.

तेव्हापासून तोच नेम झाला. संध्याकाळचं ऊन पलंगावर चढायचं, पडदा हलायचा, आणि अर्थ नसलेले शब्द सूनबाईच्या तोंडून निघून खोलीभर तरंगत राहायचे. वाचता वाचता तिला वाटे, ही खोलीच सावकाश कुठेतरी निघाली आहे, आणि कुठे ते फक्त सासूबाईंना माहीत आहे. टिचकी पडली की नियम, पुन्हा टिचकी, पुन्हा नियम. होता होता चाळणी सासूबाईंसारखी बोलायला लागली. कचेरीत साहेब म्हणाले, "पत्ते बरोबर आहेत हो, पण असे हेल काढून का छापलेत?"

एकदा नवऱ्याने दारातून विचारलं, "अगं, पण तुला कळतं का, काय वाचतेस ते?"

"त्यांना दिसत नाही, मला कळत नाही. दोघी मिळून एकीचं काम होतंय."

"आणि मी काय करू?"

"तू दूध गरम कर."

कचेरीतला ड्रायव्हर पूर्वी त्या किनाऱ्यावर गाडी चालवायचा. पाट्या वाचण्यापुरती ती लिपी त्याला येत होती. त्याने तिच्या पडद्यावरचं पान पाहिलं आणि म्हणाला, "ताई, हे तर बोटींचं वेळापत्रक आहे. कुठली बोट कुठल्या बंदराला कधी लागते ते."

"बातम्या नाहीत?"

"छे. बातम्यांचं पान हवं तर शोधून देतो."

तिने एका नावावर बोट ठेवलं. तिथे आलं की सासूबाईंचे ओठ आपोआप हलायचे. "हे काय आहे?"

"बंदरच. अगदी छोटं दिसतंय, दिवसातून एकच बोट."

"मग नको," ती म्हणाली. "हेच पान राहू दे."

रोज तेच पान वाचून चुका कमी झाल्या, आणि टिचक्याही. सूनबाईला चुकल्या-चुकल्यासारखं व्हायला लागलं. मग ती मुद्दाम चुकायला लागली. सासूबाईंना ते कळत असावं, कारण तेव्हाची टिचकी जरा जोरातच बसायची.

त्या संध्याकाळी ऊन पलंगावरून उतरत होतं. सूनबाईचं मनगट नेहमीसारखं सासूबाईंच्या बोटांखाली होतं. छोट्या बंदराचं नाव आलं तसं तिने ते खूप लांबवून वाचलं आणि मनगट जरा पुढे सरकवलं. बोट हललं नाही. तिने पुन्हा वाचलं, पहिल्या दिवसाइतकं वाईट.

नवरा दुधाचा कप घेऊन दारात आला होता. तिच्या चेहऱ्याकडे पाहून तो तिथेच थांबला आणि त्याने कप हलकेच खाली ठेवला. तिला रडू येत होतं, पण रडत वाचलं असतं तर उच्चार बिघडले असते. मनगट न हलवता तिने ते नाव सासूबाईंना हवं होतं तसं, आखूड वाचलं. मग राहिलेल्या सगळ्या बोटी एकेक करून वाचल्या, कुठेही न चुकता.