चोच असलेली खूण

असुन्सिओनच्या त्या नदी-वाहतूक कचेरीत संचालक बदलले की दोन गोष्टी ठरलेल्या: नवे साहेब काटकसरीवर भाषण करत, आणि सेफेरीनाबाईंचं मनगट सुजे. नौकांसाठीच्या शेकडो सूचना, प्रत्येकीच्या तळाशी संचालकांचं नाव. ते बदलायचं बाईंनी, एकेक फाइल उघडून, संगणकातल्या एका म्हाताऱ्या एडिटरमध्ये. हा एडिटर आपण होऊन काहीच दाखवत नसे. हुकूम दिला की ऐकायचा, आणि हुकूम चुकला की नुसतं एक प्रश्नचिन्ह छापायचा. साहेबांपेक्षा बरा, एवढंच.

आज शुक्रवार. उद्या एन्कार्नासिओनला लेकीच्या बाळाचा बाप्तिस्मा. संध्याकाळची बस चुकली तर तो आजीविनाच होणार, आणि निम्म्याहून जास्त सूचना अजून शिल्लक.

"क्रिस्पुलोकाका, माझी बोटं सरकारजमा झाली हो."

काका दुरुस्ती विभागातले, पण त्यांचं खरं काम कचेरीला तेरेरे, म्हणजे गार पाण्यातला पाल्याचा चहा, पाजणं. शिंगाच्या पेल्यात थर्मासमधलं गार पाणी ओतत ते म्हणाले, "दर वेळी तेच तेच बडवतेस ना? मग ते एकदाच एका फाइलीत लिही. एडिटरला हाक मार, सूचनेचं नाव सांग, पुढे ही डावीकडे चोच असलेली खूण, आणि मग तुझी हुकमांची फाइल. कीबोर्ड सोडून तो तिथून हुकूम घेईल. बोटं कुणाची, त्याला कळत नाही."

"साहेबांना तरी कुठे कळतं!"

बाईंनी एका सूचनेवर करून पाहिलं. पडद्यावर प्रश्नचिन्ह. सूचनेत जुनंच नाव.

"काका, तुमच्या चोचीनं दाणा टिपला नाही."

काकांनी हुकमांची फाइल पाहिली. "साठवायचा हुकूम कुठाय?"

"तो मी देतेच की दर वेळी!"

"तुझं बोट देतं. फाइलीला बोट नाही."

"पण मी साठवायला विसरले, तर तो जायचा थांबतो. आज का नाही थांबला?"

"हे बघ, तू 'ग्रासियास', म्हणजे 'आभार, आता पुरे', म्हणेपर्यंत मी पेला भरत राहतो. पण थर्मासच संपला तर? तू बोलली नाहीस म्हणून रिकामा थर्मास धरून बसू? उठणारच. तुझी फाइल संपली, तोही उठला. जाताना कुरकुरला, इतकंच."

बाईंनी शेवटी साठवण्याचा आणि बाहेर पडण्याचा, असे दोन हुकूम जोडले. पुन्हा करून पाहिलं; सूचनेत नवं नाव आलं. मग काकांनी सगळ्या सूचनांना पाळीपाळीनं तेच औषध देणारी एक ओळ टाइप केली. पेला रिकामा व्हायच्या आत काम उरकलं.

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. "इतके संचालक मी हातानं बदलले, काका. सांगायचं नाही का?"

"विचारलंस कधी?"

त्यांनी पर्स खांद्याला लावली, आणि फोन वाजला. काकांनी ऐकून खाली ठेवला. "साहेबांची बदली. भाषण व्हायच्या आधीच. आता कुणी ओव्हेलार येतायत."

बाईंनी दाराकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि उभ्याउभ्याच हुकमांची फाइल उघडली. एका ओळीतली जुनं आणि नवं, अशी दोन्ही नावं बदलली. काकांची ओळ पुन्हा चालवली. पर्स खांद्यावरच होती.

काकांनी भरलेला पेला पुढे केला.

"ग्रासियास," म्हणत सेफेरीनाबाई बस गाठायला निघाल्या.