अक्काची लाल पेन्सिल

"आधीच सांगून ठेवतो, कुणाचा विश्वास बसायचा नाही," खिडकीमामानं गोळ्यांचं पाकीट काठीवाल्या आजोबांच्या हातात ठेवलं, पण सोडलं नाही. "तीनशे बारा औषधं! नाव, काम, मात्रा, कशाबरोबर घ्यायचं नाही, सगळं सहा आठवड्यांत तोंडपाठ. तेही एक्कावन्नाव्या वर्षी."

"पाकीट सोडा की," आजोबा म्हणाले.

"सोडतो हो. ऐका तर!"

रुग्णालयाच्या औषधखिडकीपुढे नऊ माणसं उभी होती आणि औषध मामाच्या हातात होतं, त्यामुळे ऐकण्यावाचून इलाज नव्हता. मामाच्या पांढऱ्या कोटावर कालच नवाकोरा बिल्ला लागला होता. त्यावर एकच शब्द होता, 'औषधनिर्माता'. बोलता बोलता मामाचा अंगठा दर दोन मिनिटांनी त्या बिल्ल्यावरून फिरून येत होता, दुखरा दात जिभेनं चाचपावा तसा.

आता मामाच्या बोलण्यातला मीठमसाला किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण बावीस वर्षं तो या खिडकीच्या मागे होता, हे शंभर टक्के खरं. तेव्हा तो नुसता मदतनीस. औषधवाल्या साहेबांनी नाव पुकारावं आणि मामानं शिडीवर चढून खोका आणावा. डोळे बांधून सोडला तरी बरोबर खोका आणील, अशी त्याची ख्याती. ते औषध करतं काय, असं कुणी विचारलं तर मात्र मामा सरळ थाप मारायचा. पण थापही अशी देखणी, की रोगी निम्मा तिनंच बरा व्हायचा.

मग नियम आला. पदविका नसेल त्यानं खिडकीजवळ फिरकायचं नाही. मामा रजा काढून शिकायला गेला, दोन वर्षं भाच्यांच्या वयाच्या पोरापोरींशेजारी बाकावर बसला. बाकीचं सगळं रडतखडत सुटलं. औषधशास्त्राची तोंडी परीक्षा मात्र नरड्यात अडकली. संधी तीन.

पहिल्या खेपेला परीक्षक बाईंनी एका औषधाचं नाव घेतलं आणि याचं काम काय, असं विचारलं. मामाच्या तोंडून फटकन निघालं, "तिसरा कप्पा, डावीकडून दुसरं, निळी पट्टी."

"इथे कप्पा नाहीये," बाई म्हणाल्या.

खरंच नव्हता. मामाची सगळी विद्या फळ्यांवर मांडलेली होती आणि फळ्या रुग्णालयात राहिल्या होत्या.

दुसऱ्या खेपेला बाईंनी विचारलं, "तापानं फणफणलेलं मूल आणलंय. औषध किती द्याल?"

"दोन चमचे," मामा छाती काढून म्हणाला.

"मूल किती किलोचं आहे, ते विचारलंत?"

मामानं विचारलं नव्हतं. आवाज ठणठणीत असला की उत्तर बरोबर वाटतं, हा त्याचा बावीस वर्षांचा अनुभव होता. बाईंनी शांतपणे पेनाला टोपण लावलं. त्या टोपणाचा टक् आवाज मामाला पुढे महिनाभर ऐकू येत होता.

तिसऱ्या खेपेला आपटला असता, तर धुलाई विभागात बदली ठरलेली होती. निवृत्तीपर्यंत चादरी मोजायच्या. मामाला कष्टाचं भय नव्हतं. पण चादरींशी बोलणार काय?

घरी तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. अक्का चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेली. औषधातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण छापलेल्या ओळीवर बोट ठेवलं, की समोरचा माणूस एक शब्द जरी इकडचा तिकडे बोलला तरी तिच्या कानात खडा लागायचा.

मामा पुस्तक वाचत होता. एकच पान सहा सहा वेळा. पिवळ्या, हिरव्या, गुलाबी रेघा मारून पुस्तकाची पार रांगोळी झाली होती.

"काय वाचलंस?" एका सकाळी अक्कानं विचारलं.

"सगळं!"

"मग मीट पुस्तक आणि सांग."

मामानं पुस्तक मिटलं. तोंडही मिटलं.

"अरे, वाचून लक्षात राहत असतं, तर मी आज चालतंबोलतं विद्यापीठ झाले असते," अक्का म्हणाली. "चाळीस वर्षं वाचलं, एक ओळ आठवत नाही. आण ते इकडे. तू सांग, मी ताडून बघते."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"म्हणूनच सांग. मला कळलं तर तुला कळलंय."

मामाला श्रोता मिळाला, मग काय विचारता! "ऐक. लोहाची गोळी आणि चहा म्हणजे सासू आणि सून. एका वेळी एका घरात ठेवायच्या नाहीत. चहानं लोह अंगी लागत नाही. दोघींत बारा तासांचं अंतर..."

"खोटं!" अक्काचं बोट ओळीवर. "दोन तास लिहिलंय."

"अगं, दोनाचे बारा झाले तर गोष्टीला जोर येतो."

"गोष्टीला येईल. रोग्याला?"

समासात लाल पेन्सिलीची खूण पडली. तेव्हापासून तोच रिवाज. मामा सासू, सुना, साडू, जावई उभे करून औषधांचे संसार मांडायचा आणि थाप आली रे आली की अक्का ओरडायची, "खोटं!" लाल खूण झालेलं दुसऱ्या सकाळी पुन्हा विचारायची, मग चार दिवसांनी, मग आठवड्यानं. आधीच पाठ झालेलं मामा पुन्हा म्हणून दाखवायला लागला की हात वर करायची. "येतंय ते नको. चुकतंय ते सांग." पहिल्या आठवड्यात पुस्तक गोवर आल्यासारखं लाल झालं होतं. सहाव्या आठवड्यात पेन्सिलीला टोक करायची वेळच आली नाही.

"आणि मग तोंडी!" खिडकीत मामाचा आवाज चढला. पाकिटाचं एक टोक आजोबांकडे, दुसरं अजून याच्याकडे. "त्याच बाई. सतरा प्रश्न. मी एकेक असा उडवला, असा उडवला, की बाईंना पेन उचलायला सवड नाही!"

"अहो मामा, माझं पोर रडतंय," मागून एक बाई म्हणाली.

"झालंच! सतरावा प्रश्न. म्हातारा रोगी, मूत्रपिंड निकामी होत आलेलं. मात्रा किती कमी कराल? भलेभले इथे गारद होतात. मी डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर दिलं. बाई खुर्चीतून उठल्या, म्हणाल्या, 'या, आता इथे तुम्हीच बसा!'"

"खोटं!"

अख्खी रांग मागे वळली. एका धिप्पाड गृहस्थाच्या आडून रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी हलवत एक किरकोळ म्हातारी पुढे झाली.

"अगं अक्का, तू कधी आलीस?"

"तीनशे बाराच्या आधी. खरं ते सांग! 'मला माहीत नाही, पुस्तक बघून सांगतो, तोवर औषध देणार नाही,' असं म्हणालास तू बाईंना. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडलास, तिसऱ्यांदा आपटलो म्हणून. आणि बाईंनी निकालाच्या कागदावर काय शेरा मारला होता? 'सतरावं उत्तर अचूक.' मी स्वतः वाचलाय. दोनदा."

मामाचा अंगठा बिल्ल्याकडे निघाला होता, तो वाटेतच थांबला. पाकीट आपोआप सुटलं.

आजोबांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि खिडकीतून पुन्हा आत सरकवलं.

"मग माझंही," ते म्हणाले, "एकदा बघूनच द्या."